बोयालमारीतली उत्तरेकडची जागा

प्रिय लाइली,

दुआ घे. तुझी बिस्किटं मिळाली, पण बुडता बुडता वाचली. अगं बये, खोक्यावर पत्ता काय घातलास? ‘चिंचेच्या घाटासमोर, बोयालमारी चर.’ चिंच नदीत गेली, घाट गेला, घाटासमोरचं आपलं घर तर आम्ही श्रावणातच पत्रापत्रा सोडवून नावेत चढवलं. चरावर, नदीतल्या वाळूच्या बेटावर जन्मलीस, लहानपणी घराच्या खांबांवर बसून गावं बदललीस, आणि गाजीपूरला शिलाई मशीनवर काय बसलीस, तुला वाटायला लागलं की जमुना जागची हलत नाही! नावाडी मोकसेद मोठा गुणाचा. त्याने पत्त्याप्रमाणे भर पात्रात नाव थांबवली आणि पाण्याकडे तोंड करून हाका मारल्या, “छमिरन दादी, पार्सल आलंय, अंगठा द्यायला वर या!” निम्मी बिस्किटं त्याने हाका मारायची मजुरी म्हणून खाल्ली.

फोन आहे तरी पत्र का, असं विचारशील. फोनवर तू “हो दादी, हो दादी” करतेस आणि ठेवून देतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही. लिहिते आहे तुझी आई. मी अक्षर शिकले नाही, पण पेन किती वेळ चालतं ते मला दिसतं. मी लांबलचक बोलले आणि पेन चटकन थांबलं की मी विचारते, “काय गिळलंस, सूनबाई?” मग ती लाजते आणि परत लिहिते. आत्ताही लाजली.

तर तू तुझ्या अब्बाला म्हणालीस की घराचे पत्रे विका आणि सगळे गाजीपूरला या, हमिदुल एक खोली बघतोय. जावई आमचा भला आहे, खोलीही भलीच असेल. तेव्हापासून तुझा अब्बा पत्र्यांवरून हात फिरवत बसतो. विकायला काढलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी त्याला बोल लावत नाही. इतक्यांदा घर खांद्यावर घेतलं की माणूस थकतोच. चैत्र संपेपर्यंत काय ते ठरवतो म्हणालाय. म्हटलं, त्याने ठरवायच्या आधी तुला इथली हालहवाल कळवावी.

नवं बोयालमारी जुन्याच्या पूर्वेला पाण्यातून वर आलंय. नाव तेच, माणसं तीच. आपल्या रिवाजाने ज्याच्या उजव्या हाताला जो होता, तो इथेही उजव्याच हाताला बसला. माती नवी असली तरी भांडणं जुनी, त्यातलं एकही पाण्यात वाया गेलं नाही. फक्त जिल्ह्याचा घोळ झालाय. गायबांध्याचे आम्ही, पण जामालपूर आता हाकेवर. परवा दोन्हीकडचे मोजणीवाले आले आणि फीत धरून आपल्या अंगणात उभे राहिले. मी म्हटलं, “बाबांनो, चूल मी गायबांध्यात ठेवते, कोंबड्या जामालपुरात चरतील, अंडं कुणाचं ते तुम्ही ठरवा.” चहा पिऊन दोघंही हसत गेले, अजून काही ठरलेलं नाही. वाळूत मिरची मात्र अशी लागली आहे की पिकेल तेव्हा दोन्ही जिल्ह्यांना ठसका लागेल.

आता खरं सांगते. जुन्या चरावर आपल्या घराच्या उत्तरेला तुझी आणि हमिदुलची झोपडी होती. म्हणून इथेही उत्तरेला तेवढी जागा मोकळी सुटली आहे. त्यापलीकडे आलेकजान. तिचे डोळे त्या जागेवर. मला म्हणते, “दादी, पोरगी शहराचं पाणी प्यालेली, ती कशाला येतेय वाळू खायला? माझ्या बकऱ्या तरी बांधू दे.” मी म्हटलं, “बकऱ्यांना सांग, जागेला मालकीण आहे.” ती म्हणाली, “मालकीण असेल तर धूर दिसू दे.” बाई भांडकुदळ आहे, पण बोलली रिवाजाचं. ज्या जागेवर चैत्र संपेपर्यंत चूल पेटत नाही, ती शेजारच्याची.

म्हणून रोज दुपार कलली की मी हंडी उचलते आणि तुझ्या जागेवर जाऊन रांधते. तीन ढेकळं मांडली आहेत, वर आभाळ. तुझ्या आईला आधी वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. आता तीच मागून सरपण घेऊन येते. आणि परवा, कुणाला न सांगता, तुझ्या अब्बाने वाऱ्याच्या बाजूला चार बांबू रोवून चटई बांधली. पत्रे विकणारा माणूस चुलीला आडोसा करतो का? पण आजीच्या हातची चूल नातीच्या नावावर किती टिकणार! आलेकजान पंचांना बोलवीन म्हणते. पहिलटकरीण आहेस, बाळंतपण माहेरीच व्हायचं. फाल्गुनात ये. तुझ्या जागेवर तुझ्या हाताने काडी ओढ. मग खोलीचं काय ते खुशाल बोलू, मी कान देईन. इथे तुझ्या आईचं पेन थांबलंय, पण हे काही तिने गिळलेलं नाही, डोळे पुसते आहे.

आणि पुन्हा बिस्किटं पाठवू नकोस. बिस्किटांना चूल लागत नाही. हरभऱ्याची डाळ पाठव, चांगली जुनी, शिजता शिजत नाही अशी. धूर आलेकजानच्या दारापर्यंत गेला पाहिजे.

तुझीच,
दादी
(अंगठा माझा, अक्षर तुझ्या आईचं)