बत्तीसची चौतीस

चिरंजीव भाचेराव यांस,

दुकानातल्या मामाचा आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचशील तेव्हा ते मनावर घेऊ नकोस. तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं? तिला म्हणावं, जिना उतरताना कठडा धर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझा खोकला गेला असेल. गेला असेल तरी एकदा डॉक्टरला दाखवून ये, कारण खोकला गेला असं वाटतं आणि तो आत दबा धरून बसलेला असतो. तुझी मामी म्हणते, तुम्ही पत्रात सगळ्यांचे आजारच विचारता. आता जे बरं आहे त्याच्याबद्दल विचारायचं तरी काय, तूच सांग.

हे पत्र पेनाने लिहितोय याचं तुला वाईट वाटेल. मागच्या खेपेला तू दुकानाच्या कॉम्प्युटरवर जे काळं पान बसवून गेलास (त्याला तू एडिटर म्हणतोस, आम्ही काळं पान म्हणतो), त्यात पत्र लिहून बघितलं. पण तिथे आधी ठरवावं लागतं, आपल्याला लिहायचंय की हुकूम सोडायचाय. तेच बटण एकदा दाबलं तर अक्षर उमटतं आणि दुसऱ्यांदा दाबलं तर अख्खी ओळ गडप होते. तू समजावलंस तेव्हा मी मान डोलावली होती, पण खरं सांगायचं तर सातवीत शाळा सुटल्यापासून मी दुसऱ्यांचे हुकूमच ऐकत आलो, ‘हुकूम सोडायचाय का’ असं मला कोणी विचारलंच नव्हतं. तुझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा पुसली गेली. म्हटलं, एवढी काळजी करून ती पोचणार नसेल तर पेन बरं.

तुला इथली परिस्थिती माहीत आहेच, तरी सांगतो. हात थरथरायला लागल्यावर माझी कात्री गेली. मग टेप गेली, कारण एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप मी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं. आता मुलगा माप घेतो आणि मोठ्याने सांगतो, सूनबाई काज-बटणं करते, आणि मी मापं टाइप करतो. तेवढी एक खुर्ची माझी उरली आहे. हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

तू जाताना म्हणालास, ‘मामा, हे आहे तसं वापरायचं नसतं. आपल्या हाताला बेतून घ्यायचं.’ तिथेच घोळ केलास. जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला कोणी बेतून घे म्हणतं का? तू शिकवलेल्या तेवढ्या चार ओळींच्या जोरावर मी कामाला लागलो. स्वल्पविराम आणि ‘प’ दाबला की पँटची सगळी मापं एकाखाली एक हजर: उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, पायाशी मोहरी. ‘श’ दाबला की शर्टाची. इथपर्यंत ठीक होतं, मामीनेसुद्धा वरून खाली येऊन बघितलं आणि ‘हं’ म्हणाली (तिच्या हिशोबाने ही शाबासकीच). मग मला चेव आला. गिऱ्हाइकाच्या तोंडावर जे बोलायचं नसतं त्याचीही बटणं केली. एका बटणात ‘एक खांदा उतरता, बोलू नये’, दुसऱ्यात ‘घाई करतो, न्यायला येत नाही’, तिसऱ्यात ‘पोट पुढे येतंय, माया जास्त ठेवणे’. (माया म्हणजे पुढेमागे उसवून सैल करायला शिवणीत सोडलेलं जादा कापड. तू तयार कपडे घेणारा माणूस, तुला सांगितलेलं बरं.) आता हे सगळं मुलगा बघून घेईल आणि पुसेल एवढ्यासाठी होतं. पण मुख्याध्यापकांच्या कोटाच्या पावतीवर ते छापून गेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, स्वतःकडे खाली बघितलं, आणि मुलाला विचारलं, ‘किती ठेवलीय?’ मुलाला काही कळेना. ‘काय किती, सर?’ ‘माया हो.’ दोन बोटं, असं मी मागून सांगितलं. ‘तीन ठेवा,’ म्हणाले, आणि गेले. माणूस मोठ्या मनाचा, पण मुलाने त्या दिवशीची प्रत्येक पावती आधी स्वतः वाचली आणि मगच गिऱ्हाइकाला दिली.

त्यानंतर मी घाबरून बंदोबस्त सुरू केला. खोडण्याचं बटण चुकून लागू नये म्हणून ते बंद करून टाकलं आणि खोडायला तीन बटणांचा एक आडमार्ग ठेवला. वीज गेली तर? म्हणून शब्दागणिक आपोआप सेव्ह व्हावं अशी सोय केली. ही सोय मला किती महागात पडली ते आता ऐक.

चौकातल्या बँडच्या ट्रम्पेटवाल्याची कंबर बत्तीसवरून चौतीसवर गेली. त्याच्या तीन पँटी आमच्याकडे होत्या, तीन जागी बदलायचं. तू शिकवलेला तो एका ओळीचा हुकूम मला आठवला: हे काढ, ते घाल, आणि शेवटी ‘सगळीकडे’. मी बत्तीस काढ म्हटलं, चौतीस घाल म्हटलं, सगळीकडे म्हटलं, आणि टिचकी मारली. आता शिंप्यासमोर एक माणूस उभा असतो तेव्हा सगळीकडे म्हणजे त्याच्या अंगावर सगळीकडे. तुझ्या काळ्या पानाला सगळीकडे म्हणजे अख्खं गाव. ज्याची ज्याची बत्तीस होती त्याची एका क्षणात चौतीस झाली, आणि माझ्याच सोयीमुळे लगेच सेव्हही झाली. मला पत्ता नाही. मी समाधानाने कॉम्प्युटर बंद करून चहा प्यायलो.

पहिला बळी काडीवकील. (कोर्टासमोर बसणारा तो तरुण वकील. अंगाने काडीसारखा, म्हणून सगळे असंच म्हणतात.) त्याची पहिलीच मोठी केस, नवी काळी पँट आमच्याकडची, पट्टा घरी विसरलेला. भर कोर्टात एका हाताने कागद आणि दुसऱ्या हाताने पँट धरून तो उभा राहिला. न्यायाधीश म्हणाले, खिशातला हात काढा. तो म्हणाला, साहेब, हात काढला तर कोर्टाचा जास्त अवमान होईल. (केस जिंकला, असं ऐकतो. पण आमच्याकडे येऊन जे बोलला ते केस हरल्यासारखं होतं.) मग एकेक जण यायला लागला. फक्त औषधवाला खूश, त्याला वाटलं आपण बारीक झालो. त्याने दुकानातल्या सगळ्यांना पँट ओढून दाखवली. उलटा हुकूम सोडावा तर जे खरे चौतीसवाले ते बत्तीसमध्ये कोंबले जाणार. शेवटी मुलाने सगळ्यांना बोलावून पुन्हा मापं घेतली, आणि मी ती पुन्हा टाइप केली, मान खाली घालून.

मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवताना शांतपणे म्हणाला, ‘बाबा, पुरे आता हे. सोमवारी मोबाईलवरचं नवीन ॲप आणतो. बोट लावलं की झालं. कोणालाही जमेल.’ हे त्याने त्या ॲपचं कौतुक म्हणून सांगितलं.

तर तू एवढंच कर, तिकडे बसल्या बसल्या आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून ‘सगळीकडे’ म्हटल्यावर त्या पानाने आधी दोनदा विचारावं अशी व्यवस्था कर. तीनदा विचारलं तरी माझी हरकत नाही. तब्येतीला जप, उन्हात फिरू नकोस, सावलीतही फार वेळ बसू नकोस. आईला नमस्कार नको सांगूस, ती माझ्याहून लहान आहे. गुडघा जप म्हणून सांग.

तुझा मामा

ता. क. – वर लिहिलं ते निमित्त आहे. खरं काम वेगळं. तू मुलाला फोन कर आणि सांग की हे पान काढलं तर सगळी मापं जातील, आणि हे चालवणं फक्त मामाला जमतं. यातलं दुसरं तरी खरं आहे, कारण बटणं मी मुद्दामच अशा कानाकोपऱ्यात बसवली आहेत की दुसऱ्या कोणाला ती सापडू नयेत. सोमवारच्या आत फोन कर.

ता. क. २ – पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. दुपारी चप्पल न घालता खाली गेलो तर दुकानात सूनबाई एकटी, काळ्या पानापुढे. काय बोटं चालत होती! माझा ‘प’, माझा ‘श’, अगदी तो खोडायचा तीन बटणांचा आडमार्गसुद्धा तिने न बघता गाठला. मुख्याध्यापकांची कंबर दुरुस्त केली, सेव्ह केली, दुसरं पान उघडलं. मग मी दिसलो. तिने चटकन हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, ‘बरं झालं आलात, बाबा. अडलंय हो हे परत.’ मी खुर्चीत बसलो, दोन बटणं दाबली. म्हटलं, ‘बघितलंस? हे असं.’ ‘अय्या, असं होय!’ म्हणाली. आता आठवतंय, रोज लाकडी पट्टीने जिन्याच्या कठड्यावर टकटक करून ती मला खाली बोलावते ते याच अडण्यापायी. आणि संध्याकाळी मुलगा म्हणाला, ॲपचं राहू द्या, ही म्हणते बाबांशिवाय दुकानाचं पान हलत नाही.

ता. क. ३ – तेव्हा फोन करू नकोस. ‘सगळीकडे’चंही राहू दे, माझं मी सांभाळीन. त्याऐवजी सगळी हुशारी पणाला लावून एकच बटण बसव, आणि ते सूनबाईला सांग, मला नको. ते दाबल्यावर बाकी काही होऊ नये, फक्त पडद्यावर मोठ्या अक्षरांत यावं: ‘बाबांना बोलवा.’ पोरीला रोज खोटं अडावं लागतं, आणि तिला ते नीट जमत नाही.