वास पऱ्हाटीचाच होता, वहिनी!

प्रिय वहिनी,

जिंकलो वो आपण! आज नागपूरले माह्या पीएचडीची तोंडी परीक्षा झाली आणि परीक्षकांनी भर सभेत मान्य केलं, वास पऱ्हाटीचाच होता. आता सौंसरच्या बसमधी बसून लिहून राहिली. सगळ्यात आधी तुलेच सांगायचं होतं, आणि तुहा फोन तर आता लागत नाई.

काय रामायण केलं होतं तू, आठवते? बोरगावले संत्र्याच्या बागेशेजारच्या आपल्या कापसाच्या वावरात मी पऱ्हाटीच्या शेंड्याले वास धरायची पिशवी बांधली. खालच्या पानाईवर अळ्या, वरचे पानं धड. अळीची लाळ लागली की पऱ्हाटी दुसऱ्या दिवशी नवाच वास बनवते, न खाल्लेल्या पानातूनही सोडते, अन् त्या वासावर बारीक गांधीलमाशी येऊन अळीच्या अंगात अंडे घालते. हेच मले सिद्ध करायचं होतं. आणि तू? पिशवीजवळ उकिडवी बसून मजेत संत्रं सोललं!

"माय वो, एका संत्र्यानं काय होते?"

काय होते! वास तपासायच्या मशीननं संत्र्याच्या सालीचा वास पकडला. माहे सर म्हणाले, "ये तो बगीचे की हवा है, मॅडम." पऱ्हाटीच्या वासातले कितीतरी घटक संत्र्यातही असतात, मंग भांडू कशी? अर्धा प्रबंध पाण्यात! मी तोंड फुगवून बसली, तर तू खुशाल दुसरं संत्रं माह्या हातात ठेवलं.

पण दादाशी भांडली तूच. तो फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघाला, तर तू रस्त्यात उभी. "या चार ओळी माह्या. इथं फवारा मारला तर आज जेवाले भेटणार नाई." दादा बिचारा गुपचूप फिरला.

मंग तू कावीळ अंगावर काढली. काहून लपवलं वो? मले एक फोन नव्हता करता येत? हा राग अजून गेला नाई, सांगून ठेवते.

तुह्या तेरवीले गावभरचे गंज-पातेले अन् पराती जमल्या. कोणाचं कोणतं, कळेना. तुहे मात्र पटापट निघाले. जामसांवलीच्या देवळात भंडाऱ्याच्या जेवणाले भांडे देताना तू प्रत्येकाले लाल नेलपॉलिशचा ठिपका लावत होती ना! ते वेगळे काढता काढता, रडता रडता मले एकदम सुचलं. अशीच खूण कार्बनलेही करता येते. पुस्तकात कधीचं वाचलं होतं, पण डोक्यात तेव्हा शिरलं.

पुढच्या हंगामात पिशवीत खुणेच्या, जरा वजनदार कार्बनची हवा सोडली. ती फक्त त्या पऱ्हाटीले भेटली, बागेले तिचा पत्ताही नाई. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर वरच्या पानाचा वास धरला, नागपूरले नेला, तर वासात तोच जड कार्बन! म्हणजे तो वाऱ्यानं आला नव्हता, आधीचा साठवलेलाही नव्हता. पऱ्हाटीनं ताजा बनवला होता! मी अशी ओरडली की शिपाई धावत आला.

आज परीक्षकांनी तोच प्रश्न टाकला, "हा वास बागेचा कशावरून नाही?" मी तुह्या भांड्यांची गोष्ट सांगितली. सारे हसले, मंग टाळ्याच टाळ्या! दादा मागच्या बाकावर रुमालात तोंड घालून बसला होता.

आता पेपर निघन. सर म्हणतात, वहिनीचं नाव खाली आभारात टाकू. काहून? उन्हात अळ्या कोणी वेचल्या? ओळी कोणी राखल्या? वहिनी, वचन देते: सुनंदा हे नाव वर लेखकांत छापून येईन, माह्या नावाच्या शेजारी. सर नाई म्हणाले तर भांडीन. भांडण कसं जिंकतात, ते मी तुह्याकडूनच शिकली.

तुही नणंद,
डॉक्टर कल्पना