एका रात्रीची परवानगी

पासिर गुदांग
१२ फेब्रुवारी १९९८

ती. काक लोंग हिला,
उसूचा सलाम वि. वि.

ईदच्या बिस्किटांचा डबा पोहोचला. अर्धी मोडली होती, पण कारखान्याच्या वसतिगृहातल्या मुलांनी चुराही सोडला नाही. एकाने विचारले की तुझ्या थोरल्या बहिणीला आणखी एखादा धाकटा भाऊ हवा आहे का. मी सांगितले की सहा भावंडे तिला पुरेशी झाली आहेत आणि शेंडेफळानेच तिचे केस पिकवले आहेत.

आता मुख्य गोष्ट. हे पत्र मी आधी कच्चे लिहिले आणि आता पक्के करीत आहे, कारण यात काही राहून जायला नको. मस्तुराचा निकाह ठरला, याच महिनाअखेरीस. आमचा तलाक होऊन दीड वर्ष झाले, तेव्हा तिने लग्न करू नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? माणूस सैन्यात आहे, सार्जंट कमारुल. दोनदा भेटलो. नीट बोलतो, माझ्याशी हसतो, राग धरायला जागाच ठेवत नाही. पण त्याची बदली तवाउला झाली आहे. समुद्रापलीकडे, विमानानेच जावे लागते. जूनमध्ये चौघे जातील. चौघे म्हणजे ती दोघे आणि माझी दोन.

तुला ठाऊक आहे, मी एकाआड एक रविवारी पोरांना जोहोर बारूहून सकाळी नऊला नेतो आणि पाचच्या आत परत पोहोचवतो. प्राणिसंग्रहालयात अकरा वेळा गेलो. नादिरा तिथल्या उंटाला आता नावाने हाक मारते आणि फखरुल वाघाकडे पाठ करून तिकीटवाल्याच्या फिरत्या पंख्याकडे बघत बसतो. धबधब्याला दोनदा गेलो. पाऊस असला की मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यावरून वर आणि खाली. पण रात्र एकही नाही. आम्ही एका खोलीत आठ जण राहतो, तिथे पोरांना कुठे ठेवणार?

मी मस्तुराला म्हणालो की मोठ्या सुट्टीत त्यांना माझ्याकडे पाठवत जा. ती म्हणाली की आधी एक रात्र सांभाळून दाखव. तिच्याशिवाय जेवू घालायचे, आंघोळ घालायची, झोपवायचे आणि हसत परत आणायचे. तसे झाले तर दर मोठ्या सुट्टीत पंधरा दिवस ती त्यांना विमानात बसवून देईल. नाही झाले तर उगाच कागदावर लिहून पोरांना आशेला लावायचे नाही, असेही म्हणाली.

तुझ्या घरी आणायला ती तयार नाही. तलाकाच्या वेळी तू तिला जे बोललीस ते ती विसरलेली नाही. म्हणून मी देसारूला समुद्रकाठच्या हॉटेलात ७ मार्चची खोली घेतली आहे. आपल्यात कोणी हॉटेलात राहिले आहे का? मी फोनवर विचारले की तळमजला मिळेल का, सहाव्या मजल्याची खिडकी किती उघडते, आंघोळीच्या टबाला कठडा आहे का. फोनवरची मुलगी हसली आणि म्हणाली की साहेब, तुम्ही मुले आणताय की माकडे?

काही सुचत असेल तर ताबडतोब लिही. तुझा लोभ नेहमीचाच आहे, मार्च संपेपर्यंत तो थोडा जास्त असू दे.

तुझा
उसू (रिदुआन)

❖

पारित जावा, मुआर
२० फेब्रुवारी १९९८

चि. उसू यास,
काक लोंगचे अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या मेव्हण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हा पोरगा हॉटेलात चाललाय की हजला? मी म्हटलं, हजला गेला असता तर इतकं विचारलं नसतं. अरे, शाळेत जाताना तू छत्री दोनदा उघडून बघायचास आणि तिसऱ्यांदा बघताना मोडलीस. जरा श्वास घे.

मस्तुराला मी बोलले ते बोलले. तिने माझ्यादेखत तुला घाबरट म्हटलं म्हणून माझीही जीभ सुटली. असल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा पचायचं नाही, असं म्हणाले मी. चुकलंच. पण ते आता तुझ्या वाटेत आलं, याचं मला फार लागलंय.

आता कामाचं ऐक. खिडक्या आणि टब राहू दे. दुपारची झोप ही खरी गोष्ट. फखरुल तीन वर्षांचा घोडा झाला तरी झोळीशिवाय त्याचा डोळा लागत नाही, हे मस्तुराच्या आईनेच मागे मासळीबाजारात सांगितलं होतं. दुपारी झोपला नाही तर चार वाजता किरकिर, सहाला रडं, आठला मा पाहिजे. मग तुझी परीक्षा तिथेच बुडाली. म्हणून तुझ्या चुलतभावाबरोबर झोळी पाठवतेय. सारोंगचं कापड जुनं, मऊ आहे. झोळी वर-खाली हलवायची स्प्रिंग नवी, दोर मीच वळून दिलाय. आपण सातही जण असल्याच झोळीत वाढलो. तू तर चार वर्षांचा होईपर्यंत, आणि पाय बाहेर लोंबत असायचे.

कुठे अडकवू म्हणून घाबरू नकोस. माणसं राहतात त्या खोलीत वर काहीतरी अडकवायला असतंच. हॉटेलवाले काय आभाळातून पडलेत? त्यांचीही पोरं झोळीतच झोपत असतील. बांधण्याआधी ओढून बघ, पण हे तुला सांगायला नको.

झोका देताना पाठीवरून हात काढू नकोस. आणि तोंड पाडून बसू नकोस, पोरांना ते आधी दिसतं. तू कसाही वागलास तरी माझा लोभ काही आटायचा नाही.

तुझी
काक लोंग

❖

पासिर गुदांग
९ मार्च १९९८

ती. काक लोंग हिला,
सलाम वि. वि.

पोरे सुखरूप आहेत, मीही आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे तू शांतपणे वाचशील.

सकाळ फार चांगली गेली. खोली दोन वाजता मिळणार होती, पण काउंटरवरच्या बाईंनी फखरुलकडे बघून बारालाच चावी दिली. तो लिफ्टमधून बाहेर यायला तयार नव्हता, म्हणून आम्ही तीनदा वर-खाली केले. खोलीत शिरल्यावर नादिराने चपला दाराशी नीट लावल्या, कपाट उघडले, पलंगाखाली वाकून बघितले आणि विचारले की अबा, हे तुझे घर का? मी म्हणालो की आजच्या दिवस. त्यावर ती म्हणाली की मग आजच्या दिवस कोणी कुठे झोपायचे ते ती सांगणार. मला तिने खिडकीकडची बाजू दिली, स्वतः मध्ये, आणि फखरुल लाथा मारतो म्हणून तो भिंतीकडे.

मग समुद्रावर गेलो. फखरुल माझी मान सोडेना. शेवटी त्याने एक पाय पाण्यात घातला आणि समुद्राला ओरडून सांगितले की जा. लाट मागे गेली. तेव्हापासून तासभर तो समुद्राला हाकलत होता. भात आणि तळलेले अंडे दोघांनी पोटभर खाल्ले. दोन वाजता तो डोळे चोळू लागला.

खोलीचे छत सपाट होते. तुळई नाही, पंखा नाही, आकडा नाही. पडद्याची दांडी हलकी होती. पलंगाच्या पायथ्याच्या बरोबर वर मात्र छतातून एक पितळी तोटी बाहेर आली होती, तिच्या टोकाला चकती. मला वाटले की इथे पूर्वी पंखा असावा. खुर्चीवर चढून मी तिला दोर बांधला. आधी हाताने ओढले. मग आपली बॅग लटकवली, तिच्यात पाण्याच्या सहा बाटल्या घातल्या, म्हणजे वजन फखरुलपेक्षा जास्त होईल. घड्याळ लावून दहा मिनिटे बघितले. काही हलले नाही. तेव्हाच त्याला झोळीत ठेवले.

तू सांगितल्याप्रमाणे पाठीवरून हात काढला नाही. थोड्याच हेलकाव्यांत त्याचे डोळे मिटले. काक लोंग, तो माझ्या हाताखाली झोपला. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

मग वर काहीतरी तडकले. ती तोटी आग विझवायच्या पाण्याची होती. स्थिर वजन तिने पेलले, स्प्रिंगचे हिसके पेलले नाहीत. झोळी गादीवर पडली, म्हणून त्याला लागले नाही. पण तो जागा झाला तो थेट त्या धारेखाली. नळात कित्येक वर्षे साचलेले पाणी, काळे, तेलकट, गटारासारखा वास. सगळ्या हॉटेलात घंटा वाजू लागली. मी त्याला उचलून वळलो तर दार उघडे आणि नादिरा नाही.

सहा मजले मी जिन्याने उतरलो. प्रत्येक मजल्यावर हाका मारल्या. माणसे टॉवेल गुंडाळून पळत होती, एक चिनी आजोबा डोक्यावर साबणाचा फेस घेऊन उतरत होते आणि मलाच विचारत होते की आग कुठे आहे. वीस मिनिटांनी नादिरा खाली काउंटरमागे सापडली, अंगाभोवती टेबलावरची चादर गुंडाळून. तिने बाईंना सांगून ठेवले होते की माझ्या मा-ला बोलवा, अबाला काही जमत नाही. घरचा नंबर तिला पाठ होता, बाईंनी फोन केलाही होता.

मस्तुरा आणि कमारुल पाचच्या आत आले. ती ओरडली नाही. ओढणीच्या टोकाने फखरुलचे कान पुसत बसली. मी तिला बॅगेचे, बाटल्यांचे, दहा मिनिटांचे सगळे सांगितले. ती म्हणाली की रिदुआन, तू बेफिकीर असतास तर बरे झाले असते, बेफिकिरी सुधारता येते. तू सगळे तपासतोस आणि तरी हे होते. मग मी पोरांना विमानात बसवून कोणाच्या भरवशावर पाठवू? कमारुलने गाडीतून स्वतःचा कोरडा शर्ट आणून मला दिला. फखरुल त्याच्या खांद्यावर जाऊनच गप्प झाला.

सहाला ते गेले. नुकसान विम्यातून जाईल असे व्यवस्थापक म्हणाले. हे मीच केले, एवढ्या एका कागदावर सही घेतली. मीही शेवटच्या बसने परत आलो.

तू स्वतःला दोष लावू नकोस. झोळी तू दिलीस, जागा मी निवडली. मला रागाव हवे तर, पण पत्र टाकायचे थांबवू नकोस.

तुझा
उसू

❖

पारित जावा
१९ मार्च १९९८

चि. उसू यास,
अ. उ. आ.

तुला न विचारता एक केलं. परवा मस्तुराकडे जाऊन आले.

आंबट-तिखट मासा करून डबा नेला. दार तिनेच उघडलं. मला वाटलं तोंडावर लावील, पण तिने वाकून माझा हात हातात घेतला, रीतीप्रमाणे कपाळाला लावला. मी पायरीवरच सांगून टाकलं की तेव्हा तू बोललीस त्याची माफी माग म्हणून आलेली नाही, मी बोलले त्याची माफी मागायला आले आहे. झोळीचंही सांगितलं. उसूला सुचलं नव्हतं, मी पाठवली, वर त्याला हिणवलं की कुठेही अडकव. शिक्षा मला कर, मी पुन्हा या पोरांना बघायला मागणार नाही, पण त्याचे पंधरा दिवस त्याला दे.

ती रडली. रडली म्हणून मला वाटलं, वितळली. मग डोळे पुसले आणि म्हणाली की नाही, काक लोंग. माझ्यासमोर जेवली, मासा चांगला झालाय म्हणाली, आणि नाही म्हणाली. तिच्याशी भांडताही येईना.

पुढचं लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. फखरुल आता डोक्यावर पाणी घेऊ देत नाही, किंचाळतो. झोळीत घालायला गेलं की अंग ताठ करतो. जमिनीवर चटईवर झोपतो, कमारुलचं बोट धरून. त्याला तो अबा म्हणायला लागलाय. कोणी शिकवलेलं नाही, असं मस्तुराने शपथेवर सांगितलं. माझा तिच्यावर विश्वास बसला.

नादिरा माझ्याजवळ येऊन बसली. हळूच विचारलं की मी पळून गेले म्हणून अबा येत नाही का? मी तिला काहीतरी सांगितलं, काय ते मलाच आठवत नाही. मस्तुराने ऐकलं असावं. निघताना म्हणाली की येणं-जाणं आता राहू दे, पोरगा घाबरतो, पण रिदुआनला पत्र लिहू दे, मी पोरांना वाचून दाखवीन.

तेव्हा तेवढं कर. आणि जेवत जा. तुझ्यावरचा जीव मला लिहून कळवता येत नाही, समजून घे.

तुझी
काक लोंग

❖

पासिर गुदांग
२ जून १९९८

चि. नादिरा हिस,
अबाचे खूप खूप आशीर्वाद.

मी अक्षर मोठे काढले आहे. जे शब्द तुला येतील ते तू वाच, बाकीचे मा वाचून दाखवील.

मुआरच्या आत्याने मला लिहिले की तू पळालीस म्हणून अबा रागावला असे तुला वाटते. तसे नाही. मी ते अगोदरच लिहायला हवे होते, पण माझे कच्चे पत्र पक्के व्हायला फार दिवस लागले. तू बरोबर केलेस. वरून पाणी पडू लागले, घंटा वाजू लागली आणि जवळचे मोठे माणूस गोंधळले, तर दार उघडून बाहेर पळायचे, भरवशाची बाई बघायची आणि तिला सांगायचे की माझ्या मा-ला बोलवा. तू सगळे ओळीने तसेच केलेस. मी तुला ते शिकवले नव्हते. पुन्हा कधी तसे झाले तर पुन्हा तसेच कर. माझ्यासाठी थांबू नकोस.

दोर चुकीच्या जागी मी बांधला. ती मोठ्या माणसाची चूक आहे, त्यात तुझे काही नाही.

फखरुलला आंघोळ घालताना पाणी आधी त्याच्या हातावर ओतायला मा-ला सांग. पाणी स्वच्छ आहे हे त्याला बघू दे. मग पायावर. डोक्यावर सगळ्यात शेवटी.

विमानात कान दुखले तर आवंढा गिळ. नवीन शाळेत बाई मागे बसवतील तर सांग की मला फळा दिसत नाही.

नवीन घरी फोन बसला की त्याचा नंबर पाठ कर. वहीच्या पहिल्या पानावरही लिही. माझ्या वसतिगृहाचा फोन जिन्याखाली आहे, तो कोणी उचलत नाही, तो पाठ करू नकोस. कुठे चुकलीस, घाबरलीस, तर घरचाच नंबर सांग. मा आणि कमारुल लगेच निघतील. त्या दिवशी ते दोन तासांत आले होते.

फखरुलचा पापा घे.

तुझा
अबा