दोन लांडगे आणि एक जबडा

ती. आत्या हिस,

बेटावरून भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे (एक पाय चिखलातून जरा उशिरा वर आला, एवढंच).

दोनच लांडगे उरलेत, तर ते मोजायला एवढं शिकलेलं माणूस कशाला, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. आमच्या कार्यालयालाही नेमका हाच प्रश्न पडला (तुम्ही एकमेकांना ओळखता का?). त्यामुळे एकोणचाळीस वर्षं चाललेली ही मोजणी बंद करायची का, ते ठरवायला साहेब मंगळवारी बोटीने येणार होते. इथे चारी बाजूंनी पाणी. लांडगे घटले की हरणं वाढतात, हरणं वाढली की एक रोप धड राहत नाही. एक वर्ष गाळलं तर ते परत मोजता येत नाही. मी हटून बसले. दोघं अजून शिकार करतात हे दाखवायचं, तर त्यांनी मारलेल्या हरणाचा जबडा हवा (दातांवरून वय कळतं; ते बहुधा म्हातारी हरणंच धरतात, तू मनाला लावून घेऊ नकोस).

सोमवारी सकाळी दलदलीपलीकडे कावळे घिरट्या घालताना दिसले. पाय रुतवत गेले, जबडा मिळाला. पण परत फिरते तोच एका शिंगाळ्या नर हरणाने मला झाडावर चढवलं आणि स्वतः खाली निवांत चरत राहिला. तीन तास! मध्येच ते दोन लांडगे समोरून गेले. आधी नराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि यातलं काहीच परवडणार नाही अशा चेहऱ्याने चालते झाले. मी फांदीवरूनच वेळ टिपली. जबडा काही हातातून सोडला नाही.

मंगळवारी साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला, जुन्या वह्या चाळल्या, माझी फांदीवरची नोंदही वाचली. मग म्हणाले, "बाई, झाडावरून उतरलात कशा?"

"पडले," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, पण एक वर्ष वाढवून दिलं.

तुझी,
हट्टी भाची

ता. क. मुदतवाढीला एक अट आहे : इथे एकटीने राहायचं नाही, मोजायला दुसरं माणूस हवं. माझा सहकारी लग्न करून गेला तो गेलाच. तू जनगणनेत एकही घर चुकवलं नव्हतंस, हे मी साहेबांना सांगितलं.

ता. क. २ विचार करून कळव, असं लिहिणार होते. पण अर्जात तुझं नाव भरून पाठवलंय. बोट पाच तारखेला सुटते. गमबूट सहा नंबरचे मागवलेत. घट्ट झाले तर आल्यावर भांडू.