धुराड्यातला ग्रंथपाल

तीर्थरूप वहिनींना लांबूनच नमस्कार. (लांबूनच, कारण जवळ आलो तर तुम्ही मागच्या दाराने निघून जाल असं दादा म्हणाला.) तब्येत कशी आहे? मान दुखायची थांबली का? दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांत वाकून बघायचं, चष्म्याचे नंबर काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा मान खाली घालून काहीतरी लिहीत बसायचं, मग मान दुखणार नाही तर काय होणार! ते 'काहीतरी' म्हणजे काय होतं हे आता मला कळलं आहे आणि त्याचसाठी हा पत्रप्रपंच. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची जाऊबाईही बरी आहे. मला बघून तिला मधूनच हसू फुटतं आणि मग पोट धरून बसावं लागतं, तेवढं सोडलं तर.

परवा दादाचा फोन आला. म्हणाला, "अरे, तिने पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचे कागद कपाटात टाकून कुलूप लावलंय. म्हणते, भावजी दुखावले, आता एक ओळ लिहायची नाही." ऐकून मी मटकन खुर्चीत बसलो, म्हणजे खुर्चीवरच्या पुस्तकांवर बसलो. तेव्हा सगळ्यात आधी हे सांगून टाकतो की मी दुखावलेलो नाही. त्या दिवशी फोनवर "वहिनी, ते दूध तुमच्याकडेच उतू गेलं होतं ना?" एवढंच विचारून मी फोन ठेवला, त्याला राग हे कारण नव्हतं. खरं कारण ओघात येईलच. तोवर कपाटाची किल्ली हाताशी असू द्या.

आता पहिल्यापासून. आमच्या साप्ताहिकातलं विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचं सदर माझ्याकडे आलं, ते कामं वाटायच्या बैठकीच्या दिवशी मी रजेवर होतो म्हणून. (जो हजर नसतो त्याच्या गळ्यात काम पडतं. आमच्या कचेरीत इतकी सुरळीत चालणारी दुसरी कुठलीही पद्धत नाही.) तेव्हापासून घरी परीक्षणाच्या पुस्तकांची खोकी येतात. कुरियरवाला आता बेल वाजवत नाही, दाराबाहेर उभा राहून मोठ्याने उसासा टाकतो आणि आम्ही दार उघडतो. जाऊबाईंनी हद्द आखून दिली आहे: पुस्तकांनी दिवाणखान्यात राहायचं, माणसांनी उरलेल्या घरात. पाहुणे आले की त्यांना आम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी बसवतो. एका कादंबरीसोबत नकाशा आला होता. तो उलगडला तर जेवणाच्या टेबलावर मावेना, मग चार दिवस आम्ही त्याच्यावरच जेवलो. उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यावर माझं ताट असायचं.

पण वहिनी, खरं सांगतो, मी या खोक्यांच्या प्रेमात पडलो आहे. सुरुवातीला नाक मुरडलं होतं, नाही म्हणत नाही. आता खोकं फोडताना हाताला घाई सुटते. एका मालिकेचा थेट पाचवा भाग आला, आधीचे चार आलेच नाहीत. राजपुत्र कोणाचा आणि कशाचा सूड घेतो आहे हे मला अजून समजलेलं नाही, पण घेतो फार सुंदर. दुसऱ्या एका पुस्तकात असा ग्रह आहे की तिथलं गुरुत्वाकर्षण मधूनच सुटीवर जातं. त्या दिवशी बायका भांडी दोरीने बांधून ठेवतात, म्हातारी माणसं छताला टेकून गप्पा मारतात आणि ज्यांचं गुडघ्याचं दुखणं आहे ती अंगणात नाचून घेतात. ते नाचणं वाचताना माझे डोळे भरून आले. (जाऊबाईंनी विचारलं काय झालं, तर "गुरुत्वाकर्षण परत आलं" असं सांगितलं.) घरात बसून, विजेचं बिल, पाहुणे, सर्दी-खोकला सांभाळून ही माणसं डोक्यात दोन-दोन चंद्र उगवायला लावतात. मला एका चंद्रावरही चार ओळी सुचत नाहीत. या लोकांपुढे मी टोपी काढतो, घालत नसलो तरी.

माझा एक नियम मात्र तुम्हाला ठाऊक आहे. नातेवाइकांच्या पुस्तकांवर लिहायचं नाही. मामांच्या प्रवासवर्णनाचं एकदा कौतुक केलं, तर बघता बघता सगळं आजोळ प्रवासाला निघालं. म्हणून तो नियम मी सदराच्या डोक्यावर चौकटीत छापून टाकला आहे. म्हणूनच तुम्ही टोपणनाव घेतलंत ना? आता कळलं. पण एका खोक्यातून ते सडपातळ निळं पुस्तक निघालं, 'धुराड्यातला ग्रंथपाल', तेव्हा मला कसलाही वास आला नाही. म्हणजे पुस्तकाचा आला, तो मी घेतोच. आधी पुस्तक तळहातावर तोललं, मग हुंगलं, मग शेवटचं पान उघडून बंद केलं आणि बोळातच उभ्याने वाचायला लागलो. बाहेर जायला निघालो होतो. गेलो नाही.

काय लिहिलंय तुम्ही, वहिनी! गोठलेल्या राज्यातला तो किल्ला, त्यातलं ते थंडगार ग्रंथालय आणि त्याच्या धुराड्यात राहणारा फुसफुस्या ड्रॅगन. आग ओकायला गेला की नुसतं फुस्स, मेणबत्तीसुद्धा धड पेटत नाही. नवा ग्रंथ आला की तो पंजावर तोलणार, हुंगणार, शेवटचं पान बघणार आणि "एकंदरीत बरा आहे" असा निकाल देऊन झोपणार. चष्मा कपाळावर ठेवून सगळ्या किल्ल्यात शोधणार. कोणाकडे गेला की "निघालोच" म्हणणार आणि आणखी तासभर ठाण मांडणार. मी हसून हसून लोळलो. उतारेच्या उतारे मोठ्याने वाचून दाखवले. जाऊबाई भाजी निवडता निवडता माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुम्हाला कोणाची आठवण नाही का येत?" तिने विचारलं.

"येते तर!" मी म्हणालो. "हुबेहूब आमचे संपादक!"

ती उठून आत गेली आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

मग मी परीक्षण लिहिलं. सढळ हाताने लिहिलं. 'असा प्राणी आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो; दुर्दैव एवढंच की त्याला स्वतःला तो कधी दिसत नाही,' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वापरलं. शेवटी, 'अशा प्राण्यासोबत संसार करणारी कोणी असेल तर तिचा जाहीर सत्कार व्हायला हवा,' असंही लिहिलं. (ते कात्रण सध्या आमच्या फ्रिजवर आहे. सत्कार कधी ठेवू, असं मला रोज विचारलं जातं.) आणि फुसफुस्याला उकळत्या काढ्याच्या कढईवर लक्ष ठेवायला सांगतात, तो प्रसंग! तो मन लावून लक्ष ठेवतो, काढा वर येताना बघतो, काठावर आलेला बघतो, उतू जाताना तर फारच एकाग्रतेने बघतो आणि वर राणीला म्हणतो, "तुम्ही लक्ष ठेव म्हणालात, विझव म्हणाला नाहीत." त्यावर मी लिहिलं, 'हा मूर्खपणा केवळ अद्भुतकथेतच शक्य आहे.' छापलं गेलं. लोकांनी वाचलं.

अंक आला त्या दिवशी कचेरीत सगळे माझ्याकडे फार प्रेमाने बघत होते. मला वाटलं, परीक्षण आवडलं. संपादकांच्या खोलीत जरा टेकलो. ते म्हणाले, "छान उतरलंय. पण तो ड्रॅगन म्हणजे नक्की कोण, लक्षात आलं का तुमच्या?" आता तोंडावर कसं सांगणार, म्हणून मी नुसता हसलो. घड्याळ बघितलं. "निघालोच," म्हणालो आणि खुर्ची पुढे ओढून चहा मागवला. दाराबाहेर मुद्रितशोधकबाई होत्या, त्या भिंतीला धरून खाली बसल्या. संपादकांनी टेबलावर डोकं टेकलं. आणि वहिनी, तेव्हा, त्या क्षणी, माझंच वाक्य माझ्या कानात शिरलं. हात आपोआप कपाळावर गेला. चष्मा तिथेच होता. तुम्हीच नंबर काढून दिलेला.

घरी येऊन पुस्तक पुन्हा काढलं. पहिल्यांदा मला लाज वाटली, नंतर थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू? मग कढईपाशी आलो आणि सगळं लख्ख झालं. पायाला प्लॅस्टर होतं म्हणून मी तुमच्याकडे राहिलो होतो, तेव्हा तुम्ही दुधावर लक्ष ठेवायला सांगून दुकानात गेला होतात. परत आल्यावर मी काय म्हणालो ते तुमच्याशिवाय कोणी ऐकलेलं नाही. तुम्ही ओटा पुसलात, दादा यायच्या आत खिडक्या उघडल्यात आणि कोणाला काही बोलला नाहीत. माझा असा समज होता की तुम्ही ते विसरलात.

म्हणून फोन केला. राग काढायचा होता, कबूल. पण पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि डोळ्यांपुढे तुमचं शेवटचं प्रकरण होतं. ग्रंथालयातली पानं थंडीने एकमेकांना चिकटून दगड होतात. मोठ्या ड्रॅगनांना बोलवावं तर ते सगळं जाळून टाकतील. तेव्हा राणी म्हणते, फुसफुस्याला बोलवा. तो बसतो आणि त्या जराशा फुंकरीने एकेक पान सोडवतो. पान सुटलं की ते वाचल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो एक ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो आणि हिवाळाभर हलत नाही. वहिनी, ही माझी सगळी सोंगं तुम्ही टिपलीत, त्याचं काही नाही, ती जगाला दिसतात. पण मला पुस्तकं खरोखर आवडतात आणि माझ्यापाशी फार मोठी आग नाही, हे दोन्ही तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही त्यातूनच फुसफुस्याला असं काम दिलंत. तुम्ही "हॅलो" म्हणालात, मी दुधाचं विचारलं आणि आणखी एक शब्द बोललो असतो तर तिथेच रडलो असतो. म्हणून फोन ठेवला. यापलीकडे त्यात काही नव्हतं.

तेव्हा कुलूप काढा. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहा, मान दुखली तर दादाला शेकायला लावा, पण लिहा. दादाला नमस्कार. बाकी सविस्तर प्रत्यक्ष भेटीत. निघालोच.

तुमचा दीर

ता. क. नियम मोडल्याबद्दल पुढच्या अंकात खुलासा देतो आहे. 'गेल्या अंकातलं पुस्तक परीक्षकाच्या वहिनींचं असून त्यातला ड्रॅगन परीक्षक स्वतः आहे. मतात बदल नाही.' संपादकांनी तो पहिल्या पानावर घेतला आहे.

आणखी एक. खरं काम हे होतं, वर लिहायला धीर झाला नाही. तुमच्या पहिल्या भागाच्या अगदी शेवटच्या पानावर, हिवाळा सरल्यावर, फुसफुस्याला लढाईचं बोलावणं येतं, तो "निघालोच" म्हणतो आणि पहिल्यांदाच लगेच उठून निघून जातो. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि मला बरं वाटत नाही. त्याला तिथे मारू नका. काहीतरी करून परत आणा. चष्मा विसरला, असं करा. तो नक्की विसरेल, माझ्यावर विश्वास ठेवा.

हे शेवटचं. जाऊबाई बाहेर गेली आहे. जाताना म्हणाली, दुधाकडे बघा. मी पत्र लिहिता लिहिता पूर्ण वेळ बघत होतो. ती आता जिना चढते आहे, पावलं ऐकू येतायत आणि घरभर वास सुटला आहे. मी तिला सांगणार आहे की मी दुसऱ्या भागासाठी वहिनींना मदत करतो आहे. तुम्हाला विचारलंच, तर कृपा करून हो म्हणा.