दुसऱ्या मजल्यावरचा शांतीचा मनुष्य

१२ फेब्रुवारी

चि. पाळकसाहेब यास,
अ. आ. आणि प्रभूच्या नावाने सलाम.

तू काढलेल्या नव्या ख्रिस्ती मंडळीच्या शुभारंभाची हकीकत तुझ्या वार्तापत्रात वाचली. ‘शनिवार, १ तारखेस भाड्याच्या सभागृहात जनसमुदाय लोटला’ असे तेथे छापले आहे. उपासना रविवारी, २ तारखेस झाली. शनिवारी त्या जागी नृत्याचा वर्ग असतो आणि जनसमुदाय लोटतो तो त्याला. रविवारी तुझे सहकारी, त्यांच्या बायका, ध्वनिवर्धक परत नेण्यासाठी लवकर आलेला माणूस आणि मी, एवढेच होतो. नृत्यवर्गाची चौकशी करायला आलेल्या मुलीला तुम्ही पहिल्या रांगेत बसवून गीतपुस्तक दिलेत; बिचारी तीन गीते पायाने ताल धरून होती.

तुझ्या पाच टप्प्यांच्या योजनेवर माझा राग नाही. सर्वेक्षण, प्रार्थनाफेरी, शांतीचा मनुष्य, गाभागट, शुभारंभ: क्रम सुबक आहे. परंतु पहिले चार साधण्यापूर्वी पाचवा उरकणे म्हणजे मुद्रिते तपासण्याआधी पुस्तक बांधून घेणे होय. मुद्रितशोधनात जन्म घालवलेल्या माणसाला ते पाहवत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा लोभ आहेच. तो टिकवण्याचे काम तुझ्याकडे.

तुझा,
काका

२० फेब्रुवारी

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

वार चुकला, कबूल. घाई झाली ती मिशन मंडळामुळे. त्यांचे तिघे जण २७ एप्रिलला पाहणीसाठी येणार आहेत. तोवर स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली मंडळी दिसली नाही, तर मला मुख्यालयातल्या धर्मप्रचाराच्या पत्रिकांच्या गोदामात परत बोलावतील. तिथे दोन वर्षे मी गठ्ठे बांधले आहेत. पुन्हा तेच करायचे, या विचाराने झोप उडते.

घोडे अडले आहे ते शांतीच्या मनुष्यापाशी. ज्याला शेजारी मानतात आणि जो परक्याला दार उघडतो, असा वस्तीतला रहिवासी. तो भेटला की त्याच्या घरातून काम वाढते. तुमची इमारत मात्र सर्वेक्षणातून वगळावी लागली. मी तुमचा पुतण्या, हे कळताच चार दारे मिटली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी लिफ्टजवळच्या सूचनेवर तुम्ही तांबड्या पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या दाखवल्या आणि तुमच्या धर्मात याला काही प्रायश्चित्त आहे का, असे विचारले.

रागावू नये. लोभ होता तसाच राहू द्यावा.

आपला,
पुतण्या

२५ मार्च

चि. पाळकसाहेब यास,
अ. आ.

त्या सूचनेत एका ओळीत तीन चुका होत्या. त्या मुकाट्याने सोसणे मला जमले नाही, एवढाच माझा अपराध.

तुझ्या शिवणवाल्या बाईंविषयी माझीही एक तक्रार आहे. तुझी काकू गेल्यापासून मी रविवारी सकाळी बायबलमधला शास्त्रपाठ मोठ्याने वाचतो. मनातल्या मनात वाचले की घर फार गप्प होते. २ मार्चला बाई तावातावाने खाली उतरल्या. आवाजाविषयी बोलायचे राहिले बाजूला, वाचलेल्या मजकुरावरच घसरल्या. दिवसभर उन्हात राबलेल्या मजुरांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना मळ्याचा मालक सारखीच मजुरी देतो, हा कुठला न्याय, असे त्यांचे म्हणणे. आपल्या हाताखालच्या बायका असल्या मालकाच्या तोंडावर कात्री फेकतील, असेही म्हणाल्या. मी त्यांना चूक म्हटले. त्यांनी खुर्ची ओढली.

पुढच्या रविवारी त्यांनी साक्षीदार म्हणून लिफ्ट दुरुस्त करणारा आणला. त्याला आम्ही दोघेही चूक वाटतो. नंतर तळमजल्यावरचा निवृत्त कंडक्टर आला. सगळ्यांना तिकीट सारखेच, उतरण्याचा थांबा ज्याचा त्याचा, असा त्याचा निवाडा. आता दर रविवारी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. परवा लिफ्टवाल्याने स्वतःच्या आजारी आईसाठी सर्वांना प्रार्थना करायला लावली आणि लगेच पुन्हा भांडायला बसला. माझा साखरेचा डबा आठवड्यात रिकामा होतो. हा उपद्रव कसा थांबवावा, याविषयी तुझ्या योजनेत काही असल्यास कळव.

काळजी वाटते, म्हणून लिहितो.

तुझा,
काका

३ एप्रिल

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र तीनदा वाचले. काका, उपद्रव थांबवू नका! एकच विनंती: २७ तारखेला, एका सकाळपुरते, या सर्वांना सभागृहात आणा. त्यांनी काही बोलायचे नाही, नुसते बसायचे. माझे पाळकपण आता तुमच्या हाती आहे.

आपला,
पुतण्या

९ एप्रिल

चि. यास,
अ. आ.

खुर्च्या उसन्या आणाव्यात, माणसे आणू नयेत. शिवाय ही माणसे काही न बोलता बसतील, ही तुझी कल्पना त्यांच्याविषयीचे संपूर्ण अज्ञान दाखवते.

आता मुद्द्याचे. बाईंनी बाप्तिस्मा मागितला आहे. मळ्याचा मालक त्यांना अजूनही पटलेला नाही. पण असल्या मालकाकडेच काम करावेसे वाटते, असे म्हणाल्या. तो अधिकार मला नाही, तुला आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या २७ तारखेच्या दुपारी निघतील आणि वर्षभर येणार नाहीत. म्हणजे त्याच सकाळी. मंडळाचे लोक त्याच वेळी सभागृहात असतील, हे मला ठाऊक आहे. मी आग्रह करणार नाही. इथली उपासना दहा वाजता आहे.

तुझा,
काका

१२ मे

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

अहवाल आला. ‘पाळक गैरहजर. मंडळीची स्थापना झालेली नाही. रणनीतीनुसार काहीही घडले नाही.’ २ जूनला गोदामात रुजू व्हायचे आहे.

२७ तारखेच्या दुपारी तुमच्याकडून धावतपळत पोहोचलो तेव्हा तिघे रिकाम्या सभागृहात घड्याळ पाहत होते. मी सगळे खरे सांगितले. शांतीचा मनुष्य कोण, असे त्यांनी विचारले, तेव्हा तुमचे नाव घेतले. तिघेही मोठ्याने हसले. तुमची इमारत सर्वेक्षणातून का वगळली, हे विचारायला ते सकाळीच तुमच्या इमारतीच्या अध्यक्षांना, म्हणजे लिफ्टजवळची ती सूचना लिहिणाऱ्यांना, भेटून आले होते.

पातेल्यातले पाणी बाईंच्या डोक्यावर ओतताना अर्धे माझ्याच बाहीत गेले आणि तुम्ही ‘नीट धर’ म्हणून ओरडलात. त्या सकाळी मी तिथे होतो, याचा पश्चात्ताप नाही. गठ्ठे मात्र पुन्हा बांधवणार नाहीत, असे वाटते.

आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
पुतण्या

१९ मे

चि. यास,
अ. आ. आणि सर्वांचा सलाम.

अहवालातले शेवटचे वाक्य निर्दोष आहे. त्याला हात लावू नकोस. बाकीच्या नोंदी अशा दुरुस्त करून मंडळास पाठव आणि राजीनामा सोबत जोड. लिफ्टवाल्याला सहायक हवा आहे. सहा दिवस काम, रविवार मोकळा. माझी पुढची खोली रिकामी केली आहे.

मंडळीची स्थापना. अहवालात: नाही. वाचावे: रविवार, २ मार्च, बाई भांडायला आल्या तो दिवस.

पाळक गैरहजर, २७ एप्रिल. तारीख बरोबर. वाचावे: पाळक हजर, मंडळ दुसऱ्या ठिकाणी होते.

पाळकाची नेमणूक. अहवालात नोंद नाही. वाचावे: १८ मे, माझ्या स्वयंपाकघरात, सर्वानुमते. बाईंनी फोनवरून मत दिले. या मंडळीत एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

गोदामात रुजू, २ जून. खोडावे. त्या दिवशी सोमवार आहे. सकाळी आठला लिफ्टवाला तुझी खाली वाट पाहील.