शहात्तराव्या वर्षी सूट

रविवार, ४ ऑक्टोबर

चिरंजीव साहेबांना आईचे पोटभर आशीर्वाद.

मी पोचले, धड आहे, दात जागेवर आहेत, गोळ्या वेळेवर घेते. तू जे जे विचारणार ते सगळं सुरुवातीलाच सांगून टाकलं. सूनबाईला सांग, तिने दिलेली लोकरीची टोपी घालते. घरातसुद्धा घालते. इथली थंडी कोणाचं वय बघत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं. मला लिहिता येत नाही, म्हणून मी बोलते आणि नातीच्या खोलीखालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई लिहितात. या परक्या देशातही आपल्याच भाषेच्या आहेत. ड्यूटीवरून येतात, चहा घेतात आणि मी सांगेन ते उतरवतात. फक्त माझ्या शिव्या गाळतात, तेव्हा त्या तू आपला आपण जागच्या जागी घालून वाच.

आता कामाचं. तू मला नातीला परत आणायला पाठवलंस, हे मी विसरलेले नाही. "आई, ती तुझंच ऐकेल, कान धरून आण," म्हणालास. पोरीने इंजिनियरिंग सोडलं, एका टेलरच्या दुकानात शिकायला बसली आणि आठ महिने तुला पत्ता लागू दिला नाही. तुला कळलं त्याला आता वर्ष झालं. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नाही. कॉलेज सोडलं त्यापेक्षा खोटं बोलली याचा तुला जास्त राग, हे मला पाठ आहे. तर कान सापडला आहे. आपली भिंगरी माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली, त्यामुळे टाचा उंचावाव्या लागल्या एवढंच.

दुकान पाहून आले. किल्ल्या करणारा आणि चष्मेवाला यांच्या मधोमध, अरुंद. काचेच्या खिडकीत डोकं नसलेला एक पुतळा कोट घालून उभा. आत लांबलचक टेबल, कापडाचे तागे, इस्त्रीची वाफ. मास्तर ऐंशीच्या घरातले, बुटके, गळ्यात टेप. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे फार बोलत नाहीत. तुझ्या वडिलांच्या तोंडात अशा चार टाचण्या असत्या तर माझा संसार किती सुखाचा झाला असता!

या मास्तरांचा एक नियम आहे. शिकणाऱ्याने शेवटी एक अख्खा सूट, म्हणजे कोट आणि पँट, मापापासून काजांपर्यंत एकट्याने शिवायचा. पुतळ्यावर नाही, जिवंत गिऱ्हाइकाच्या अंगावर. पास झाला तर पुढच्या टेबलावर स्वतःची कात्री घेऊन बसायचं. नापास झाला तर दुसरं काम शोधायचं. आणि आपल्या भिंगरीला गिऱ्हाईकच मिळेना. तिघांना विचारलं, तिघेही शिकाऊ पोरीच्या हातात अंग द्यायला तयार नाहीत.

म्हणून मी म्हटलं, माझा शिव.

थांब, ओरडू नकोस. (इथे तू ओरडणार, म्हणून नर्सबाईंना मी जरा चहा पिऊन घ्यायला सांगितलं. पिऊन झाला. पुढे ऐक.) यात माझा डाव आहे. माझं अंग तुला माहीत आहे. उजवा खांदा दोन बोटं खाली, पाठीला पोक, डावी कंबर बाहेर. आपल्या गल्लीतल्या शिंप्याने माझं पोलकं शिवायला घेतलं की तो आठ दिवस रस्त्यात तोंड चुकवत फिरायचा. त्या अंगावर ही कालची पोर कोट बसवणार? नापास होणार ती. झाली की मुकाट्याने माझ्याबरोबर विमानात बसायचं आणि पुन्हा कॉलेजात जायचं, असं वचन घेतलं आहे. पास झाली तर मी तिला "चल" म्हणायचं नाही, असं मीही दिलं आहे. तेवढं द्यावंच लागतं, त्याशिवाय समोरचा वचन देत नाही.

बिनघोर राहा.

तुझी महाधूर्त आई


रविवार, २५ ऑक्टोबर

चिरंजीवांना आशीर्वाद.

नर्सबाईंना सर्दी झाली आहे, अक्षर हललेलं दिसलं तर ती शिंक समजावी.

परवा तुझा फोन आला. "जेवलीस का" नाही, "थंडी कशी आहे" नाही, पहिलाच प्रश्न, "झाली का नापास?" मी म्हटलं, ऐकू येत नाही. येत होतं.

गुरुवारी पहिली ट्रायल झाली. ट्रायलचा सूट म्हणजे नुसता सांगाडा असतो. सगळीकडे पांढरा धावदोरा, खडूच्या रेघा, अस्तर नाही, बटणं नाहीत. भिंगरीने मला पडद्याआड नेऊन आधी पँट चढवली. काय सांगू तुला! माझ्या सासूबाई नऊवारी नेसायच्या, त्यांच्या पायांना एकमेकांची संगत नव्हती. आम्ही लग्नापासून पाचवारीत, दोन्ही पाय कायम एकाच पिशवीत. शहात्तर वर्षांच्या वयात माझे पाय पहिल्यांदा वेगळे राहायला गेले. मी तिथल्या तिथे दोन फेऱ्या मारल्या. भिंगरी म्हणाली, "आजी, पुरे, टाके उसवतील."

मग कोट. बाहेर तीन बाजूंनी आरसे आहेत. त्यात मी तिघी. एकीनेच तू वैतागतोस, तिघी बघितल्या असत्यास तर नोकरी सोडून पळाला असतास.

पण कोट बघितला आणि हसू गेलं रे. पाठीवर बोका झोपल्यासारखी एक घडी. कॉलर मानेपासून लांब. उजवीकडचा काठ लोंबतोय. पोरीच्या तोंडावरचा रंगच उडाला. मास्तर आले, माझ्याभोवती एक चक्कर मारली, तोंडातल्या टाचण्या काढून उशीवर टोचल्या, आणि उजवी बाही धरून टर्रकन उसवून काढली!

मी आपल्या भाषेत गरजले, "अहो, हात झडले का तुमचे? चार दिवस खपून लावली होती तिने!"

त्यांना शब्द कळले नाहीत, मजकूर कळला. भिंगरी म्हणाली, "आजी, शांत हो. ट्रायलला बाही उसवतातच. तुझा हात कसा लोंबतो ते बघून पुन्हा लावायची असते. इथे असंच चालतं."

मास्तरांनी मापांचा कागद मागवला. टेप माझ्या खांद्यावर धरला, कागदाकडे बघितलं, पुन्हा खांद्याकडे. मग काही विचारलं. भिंगरीने ते मला सांगितलं, पण माझ्याकडे न बघता. "विचारतायत, माप देताना तू अशीच उभी होतीस का?"

"अशीच."

"म्हणतायत, नव्हतीस. खांदा उचलून धरला होता, पोट आत ओढलं होतं." आता ती बघत होती. "आजी? मुद्दाम?"

साहेब, तू म्हणशील, शाब्बास आई, ती नापास व्हावी म्हणून केलंस. तसं लिहा, असं मी नर्सबाईंना सांगितलंही. पण त्या पेन उचलून माझ्याकडे बघत बसल्या आहेत. बरं, खरं सांगते. मला वाटलं, सरळ अंग शिवायला सोपं जाईल. म्हणून फोटोला उभं राहतात तशी श्वास रोखून ताठ उभी राहिले. पोरीला मदत करायला गेले आणि तिचाच कोट बिघडवला. डावबिव काही नव्हता माझा. पहिल्या पत्रातलं ते सगळं तू ओरडू नयेस म्हणून होतं.

मास्तर रागावले नाहीत. उरलेलं कापड हातावर घेऊन म्हणाले, एका चुकीपुरतं आहे. पुन्हा माप, पुन्हा कापणी, तीन आठवडे. त्यापुढे नाही.

मग मी आहे तशी उभी राहिले. पोक, पोट, सगळं सोडून. पोरीने परत एकेक माप घेतलं. कंबरेशी आली आणि म्हणाली, "ही डावी बाजू अशी बाहेर का गं?"

म्हटलं, "तुझा बाप. चालायला लागला तरी तीन वर्षांचा होईपर्यंत तिथून उतरला नाही."

तिने ते मास्तरांना सांगितलं. ते हसले आणि कागदावर त्या जागी काहीतरी लिहिलं. मला वाचता येत नाही, पण मला वाटतं तुझं नाव असावं.

अजून एक गोष्ट तुला सांगायची आहे. ती नर्सबाईंच्या हातून लिहून घ्यायची नाही. त्यांचा दोष नाही, गोष्टच तशी आहे.

आशीर्वाद,
ताठ राहून अंग आंबलेली तुझी आई


शनिवार, १४ नोव्हेंबर

बाळा, अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? पत्र खाली ठेवू नकोस. बोलते आहे मीच, हात तेवढा तिचा आहे.

काल निकाल लागला. सूट घालून मी आरशासमोर उभी. रंग पावसाळी ढगासारखा, अस्तर मात्र जांभळं, ते मी हट्टाने घ्यायला लावलं. खिसे एकूण सात. सात! जन्मभर कनवटीला बांधत आले, आणि इथे माझ्या एकटीचे सात खिसे. एकात गोळ्या, एकात रुमाल, बाकीच्यांत मी नुसते हात घालून बघत होते.

मास्तरांनी मला बसवलं, उठवलं, हात वर करायला लावला, खाली पडलेली टाचणी उचलायला लावली. कॉलर मानेला धरून होती, पाठीवरचा बोका पळालेला. तोंडातल्या टाचण्यांमुळे त्यांना काय वाटतं ते कळत नव्हतं. मग दार उघडलं आणि हाताने खूण केली. भिंगरी म्हणाली, "आजी, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. लोकांनी कोटाकडे बघितलं तर मी नापास. तुझ्याकडे बघितलं तर पास."

हा कसला रे नियम! पण निघाले. चष्मेवाला बाहेर उभा होता, त्याने मान लववली. मीही लववली. पुढे बसथांब्यावर एक बाई, हातात कागद. सगळ्यांना सोडून नेमकी माझ्याकडे आली आणि काहीतरी विचारलं. पत्ता विचारत होती ती! मला! ज्या रस्त्यावरची एक पाटी मला वाचता येत नाही, तिथली मी तिला जुनी रहिवासी वाटले. नाही कसं म्हणणार? एक हात खिशात ठेवून दुसऱ्याने ऐटीत डावीकडे दाखवलं. ती आभार मानून गेली बिचारी. कुठे पोचली असेल देव जाणे.

मागे वळले तर दारात मास्तर पोट धरून हसत होते, टाचण्या हातात. आत गेल्यावर त्यांनी खणातून दुकानाच्या नावाची विणलेली पट्टी काढली. पास झालेल्या कपड्यालाच ती लागते. भिंगरीपुढे ठेवली. पोरीने तीनदा दोरा ओला केला, तरी सुई ओवता येईना. शेवटी मी ओवून दिली. चष्म्याशिवाय. तिने पट्टी माझ्या आतल्या खिशावर शिवली आणि मग टेबलावर डोकं ठेवून जी रडली! मीही रडले, पण रुमाल कोणत्या खिशात ते सापडेना.

तर साहेब, मी एकटीच परत येते. दिलेलं वचन मी मोडणार नाही, आणि ते मोडावं असं मला वाटतही नाही.

आता ती गोष्ट.

आठ महिने ती तुझ्याशी खोटं बोलली, असं तू म्हणतोस. ते खोटं माझं होतं. कॉलेज सोडलं त्याच दिवशी तिने मला फोन केला. म्हणाली, "आजी, बाबांना आत्ताच सांगते." मी म्हटलं, "आत्ता नको. आधी हातात काहीतरी येऊ दे, मग तो कमी ओरडेल." दर रविवारी ती विचारायची, "आता सांगू?" आणि दर रविवारी मी म्हणायचे, "थांब." मग तुला बाहेरून कळलं. तू फोनवर तिला "खोटारडी" म्हणालास तेव्हा मी शेजारच्या खोलीत शेंगा सोलत होते. सगळं ऐकलं. शेंगा सोलत राहिले. तिने माझं नाव घेतलं नाही, त्या दिवशी नाही, आजपर्यंत नाही.

का गप्प बसले? भ्याले. म्हातारपणी आईला लेकाची भीती वाटते, हे तुला कुठून कळणार! माझ्यावरचा तुझा विश्वास जाईल म्हणून मी वर्षभर तुझी लेक तुझ्यापासून लांब ठेवली. तेव्हा तिच्यावरचा राग उचल आणि माझ्यावर ठेव. मला पेलेल. नाही पेलला तरी तो माझाच आहे.

हे लिहायला ती तयार नव्हती. "आजी, नको ना, कशाला," म्हणून पेन खाली ठेवून बसली. मी म्हटलं, पेन तुझं असेल, जीभ माझी आहे. तरी भरवसा नको म्हणून एवढं पान मी खाली नेऊन नर्सबाईंकडून वाचून घेतलं. शब्दन् शब्द बरोबर आहे. त्या म्हणाल्या, "आजी, या वेळी शिव्या नाहीत?" म्हटलं, या वेळी स्वतःलाच द्यायच्या होत्या, त्या मनात दिल्या.

आता हे खालचं अर्धं पान मी तिच्यासाठी मोकळं सोडते. ती विचारते आहे, "काय लिहू?" मला काय विचारतेस बाई, मला कुठे लिहिता येतं! ती लिहील ते मी कोणाकडूनही वाचून घेणार नाही, आणि तूही मला सांगू नकोस. उत्तर मात्र धाड, आणि पाकिटावर माझं नाव घालू नकोस.

तुम्हा दोघांच्या मधून आता उठलेली,
तुझी आई